पहिल्या गडगडाटाची वेळ

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी तीन शहाणे जमायचे आणि वादळं आठवायचे.

वादळं म्हणजे फक्त उन्हाळ्यातली. वळवाची. कडकडाट, गारा, उडालेले पत्रे, आडवे झालेले खांब. बाकीच्या पावसाला या मंडळींच्या लेखी काडीची किंमत नव्हती. चार-चार दिवस संततधार लागणं म्हणजे ढगांची सरकारी नोकरी, असं त्यांचं मत होतं. वळीव मात्र कलावंत. हे वाक्य तिच्या नवऱ्यानं घरी येऊन तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की तो ‘सरकारी’ म्हणाला की ती ‘कलावंत’ म्हणून मोकळी व्हायची आणि पोळी उलटायची.

तिघांतले पहिले चष्मेवाले काका. खोली त्यांची, म्हणून अध्यक्षही तेच. दुसरे दाबमास्तर, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, आणि घरात हवेचा दाब मोजायचं पितळी यंत्र बाळगून असलेले. तासातासाला ते त्या यंत्रावर बोटानं टकटक करायचे. यंत्र बिचारं काय करणार, काटा थोडा हलवायचं. मास्तर तो हललेला काटा वहीत लिहायचे. आणि तिसरा तिचा नवरा, नकाशांच्या कचेरीत तळघरातल्या दप्तरखान्यात काम करणारा. दिवसभर ज्याला आकाशाचा तुकडाही दिसत नाही, त्यानं आकाशाचा अंदाज वर्तवायचा, यात काही विनोद आहे हे त्याला कधी जाणवलं नव्हतं.

लग्न होऊन आली तेव्हा तीही एकदोनदा त्या बैठकीला गेली होती. नवीन होती, कौतुक होतं. काकांनी त्यांच्या तरुणपणीच्या गारपिटीची हकीकत सांगितली होती. गार सुपारीएवढी होती म्हणाले. पुढच्या वर्षी तीच हकीकत, तोच रस्ता, तीच छत्री, आणि गार लिंबाएवढी. मुलगी झाली त्या उन्हाळ्यात ती मोसंबीपर्यंत पोचली. गेल्या पाच वर्षांत तिनं चौकशी केली नव्हती. एव्हाना त्या गारेखाली चिरडून काका केव्हाच वारलेले असायला हवे होते.

पण ही माणसं नुसती आठवत बसत नव्हती, भाकितंही करत होती. त्याची त्यांची एक पद्धत होती. उन्हाळा सुरू झाला की प्रत्येकानं रोज सकाळी एका चिठ्ठीवर त्या दिवसाचा अंदाज लिहायचा: वादळ होणार की नाही, होणार तर पहिला गडगडाट किती वाजता. चिठ्ठी पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं, आणि नऊच्या आत दुकानाच्या दारातल्या पेटीत टाकायचं. पेटी उघडायची शनिवारी. तोवर कुणी कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. बायकोला नाही, पोराला नाही, रस्त्यात भेटलेल्याला तर नाहीच. कारण पूर्वी कधीतरी एकाचा अंदाज फुटला होता, दुसऱ्यानं तो ढापला होता, आणि त्यावरून दोन सभासद मंडळ सोडून गेले होते. तेव्हापासून हे सोवळं. ज्याचा अंदाज खऱ्या वेळेच्या सगळ्यात जवळ, त्याचं नाव मोठ्या वहीत त्या वादळापुढे लागायचं. बस. एवढ्यासाठी तीन घोडे झालेले पुरुष सकाळी परीक्षेला बसल्यासारखे चिठ्ठीवर हात आडवा धरून लिहायचे.

आणि या लोकांनी तिला नाव ठेवलं होतं ‘भोंगा’.

नवऱ्यानंच हसत हसत सांगितलं होतं. कुठंतरी खुट्ट झालं की ही वाजते, म्हणून भोंगा. मुलगी शिंकली की वाजते, जिन्याचा कठडा हलला की वाजते. काकांना भारी आवडलं म्हणे. जिन्याचा कठडा खरंच हलत होता आणि तिनं पाठपुरावा करून तो बसवून घेतला होता, हे मंडळाच्या वहीत यायचं कारण नव्हतं.

त्या सोमवारी बालवाडीच्या बाई चष्म्याची दांडी बसवायला दुकानात गेल्या. बोलता बोलता म्हणाल्या की बुधवारी मुलांना तळ्याकाठच्या मैदानावर नेतोय, दहाला न्यायचं आणि तीनला परत. हवा कशी राहील? एवढं विचारायचा अवकाश. काकांनी मास्तरांना बोलावलं, जेवणाच्या सुट्टीत तळघरातून वर आलेल्या नवऱ्याला फोनवर घेतलं, वर जाऊन मोठी वही काढली. एकतीस वर्षांच्या नोंदी. उन्हाळ्याच्या त्या आठवड्यात एकतीस वर्षांत एकदाही वळीव नाही. एकमतानं निर्णय झाला: साफ. बाईंना तो इतमामानं सांगण्यात आला. बाईंनी पालकांच्या कागदावर लिहूनही टाकलं, ‘हवामानाची जाणकारांकडून खात्री केली आहे.’

कागद सहीसाठी घरी आला तेव्हा तिनं तो दोनदा वाचला आणि फ्रिजवर लावून ठेवला. मंगळवारी रात्रीची जेवणं होईपर्यंत तो तिथेच होता.

“सही कर ना,” नवरा म्हणाला.

ती म्हणाली की गेले तीन दिवस दुपारी उकाडा कसा झालाय बघतोस ना. पोरीच्या मानेला घामोळं आलंय. मोकळं मैदान, पाणी, सत्तावीस मुलं आणि दोन बाया.

“एकतीस वर्षांच्या नोंदी आहेत आमच्याकडे. घामोळ्यावरून अंदाज करायची पद्धत अजून निघालेली नाही.”

त्यानं मग आवाज खाली आणला. म्हणाला, तुला कधी कशाचा भरवसाच नसतो. पोरगी पाच वर्षांची झाली, वर्गात तिला सगळे विचारतात, तुझी आई फाटकाशी का उभी असते. एकदा तरी माझ्या शब्दावर सोडून बघ. मला यातलं कळतं. जगात एवढी एकच गोष्ट आहे जी मला कळते.

हे शेवटचं तिला लागलं. त्यात त्याची कीव आली आणि थोडी लाजही वाटली. ती उठली, फ्रिजवरचा कागद काढला आणि सही केली. त्याच्या शब्दावर. हे तिनं मनात नीट घोकून ठेवलं, म्हणजे बुधवारी सारखं आभाळाकडे बघावंसं वाटलं तर उपयोगी पडेल.

बुधवारी सकाळी त्यानं नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली, पाकीट चिकटवलं, पोरीची टोपी सरळ केली, तिला सांगितलं बाईंचा हात सोडायचा नाही, आणि दोघांची निघायची वेळ झाली. पोरगी बालवाडीत, पाकीट पेटीत, तो तळघरात.

ती एका दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. भेटीच्या वेळा देणं, कार्डं भरणं, उपकरणं उकळायच्या यंत्रावर लक्ष ठेवणं. तिच्या टेबलामागे पश्चिमेची खिडकी होती. दीडपर्यंत तिनं स्वतःला तिकडे बघू दिलं नाही. दोन वाजता तिनं खिडकीचा पडदा सरळ करायचं निमित्त काढलं आणि तिथेच उभी राहिली.

लांबच्या इमारतींमागे ढग उभा होता. पसरलेला नव्हे, उभा. वर पांढराशुभ्र, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा फुगत चाललेला, आणि बुडाशी जांभळा, मुका मार लागलेल्या गुडघ्यासारखा. रस्त्यावरचं वारं पडलं होतं. समोरच्या गच्चीवरचे कपडे दोरीवर मेल्यासारखे लटकत होते. हे ओळखायला एकतीस वर्षं लागत नाहीत, डोळे लागतात.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तळघरात फोन लागत नाही हे माहीत असून तीनदा लावला. दुकानात लावला, वाजून वाजून बंद झाला. बाईंना लावला, तोही वाजून बंद झाला. आत डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली एक गृहस्थ आ करून पडले होते. ती दारात जाऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “माझी स्कूटर घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “नाहीतरी तुझं लक्ष नाही इथे. कार्डांची अदलाबदल करशील आणि यांची चांगली दाढ जाईल.” गृहस्थांनी आ केल्या अवस्थेत काहीतरी निषेध नोंदवला.

मैदानापर्यंत बारा मिनिटं लागली. शेवटच्या वळणावर समोरून गार वाऱ्याचा झोत आला, धूळ आली, आणि तिनं पाहिलं की बाईंनी ऊन लागू नये म्हणून सगळ्या मुलांना मैदानातल्या एकुलत्या एका मोठ्या झाडाखाली सतरंजीवर बसवलंय. पोरं टाळ्या वाजवत गाणं म्हणत होती. बस फाटकाशी, दारं सताड उघडी, ड्रायव्हर टेकून पेपर वाचत होता.

बाईंनी तिला पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर ते हसू आलं, जे तिला फाटकाशी रोज भेटायचं. आलात का, असं म्हणणारं. तिनं वर बोट केलं. बाई म्हणाल्या की नाही हो, हा जाईल बाजूनं, चष्मेवाल्यांनी साफ सांगितलंय. तुमचे मिस्टरच होते ना त्यात?

“होते,” ती म्हणाली. “मुलांना उचला.”

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, पण बाईंनी पुढे विचारलं नाही. मग सगळं एकदम झालं. चपला राहू देत, डबे राहू देत, दोघादोघांचे हात धरा. तिनं मोजत मोजत एकेकाला बसच्या पायरीवर चढवलं. स्वतःची पोरगी अकरावी आली. तिला तिनं बाकीच्यांसारखंच बगलेत हात घालून वर टाकलं, कारण थांबली असती तर मोजणी चुकली असती. सत्ताविसावा एक गुटगुटीत मुलगा होता, ज्याला बाटली घ्यायला परत जायचं होतं. त्याला ती जवळजवळ ढकलतच असताना पांढरं झालं आणि पाठोपाठ असा आवाज आला की बसच्या काचा दातांसारख्या वाजल्या. तिची नजर आपसूक ड्रायव्हरच्या समोरच्या घड्याळावर गेली. दोन बावन्न.

ती तशीच होती. पोरीला ताप आला की आधी घड्याळ बघायची, मग कपाळ.

मग गारा. बसच्या टपावर कुणी गाडीभर खडी ओतल्यासारख्या. मुलं रडली, एकानं उलटी केली, तिची पोरगी दोन्ही कानांत बोटं घालून तिच्या पोटात शिरली. पाऊण तासानं, स्कूटर फाटकाशीच ठेवून, बस निघाली तेव्हा झाडाची एक मोठी फांदी, माणसाच्या कमरेएवढी, सतरंजीवर आडवी पडलेली सगळ्यांना दिसली. बाईंनी ती पाहिली आणि मग पूर्ण रस्ताभर तिचा हात धरून ठेवला. चष्मेवाल्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. शहाण्या होत्या.

घरी नवरा धावत आला, पोरीला कवटाळून बसला, त्याचे डोळे भरले. म्हणाला, कुणालाच कल्पना नव्हती गं. एकतीस वर्षांत नाही. तो इतका पांढराफटक पडला होता की तिनंच त्याला पाणी आणून दिलं. चुकतो माणूस, तिला वाटलं. आकाशच ते. त्याच्या शब्दावर सोडलं आणि शब्द चुकला. पण शब्द खरा तर होता. एवढ्यावर तिची तयारी होती. एवढ्यावर संसार चालतो.

शुक्रवारी काकांचा फोन आला, आणि कधी नव्हे तो तिच्यासाठी. वहिनी, उद्या बैठकीला यायलाच हवं. झालं होतं असं की या मोसमातलं सगळ्यात मोठं वादळ कुणीच ऐकलं नव्हतं. म्हणजे पुढचा धुमाकूळ सगळ्यांनी पाहिला, पण पहिला गडगडाट, ज्याची वेळ वहीत चढते, तो निसटला होता. काका तेव्हा भिंगं घासायच्या यंत्रावर होते. त्या घरघरीत फोनसुद्धा ऐकू येत नाही. दाबमास्तरांचा डोळा लागला होता. नवरा तळघरात. नियम असा, की वेळ कुणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकलेली हवी. सत्तावीस मुलं, दोन बाया आणि ड्रायव्हर सोडले तर अशी साक्षीदार ती एकटीच होती; मुलांना घड्याळ कळत नव्हतं आणि बाकीच्यांनी ते पाहिलं नव्हतं.

आणि, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. भोंग्याला वहिनी म्हणून बोलावणं आलं होतं. पोरीला तिनं शेजारच्या मावशींकडे सोडलं. वेळ तर तिला पाठ होती, तरी भेटीच्या एका कोऱ्या कार्डावर ती लिहून पर्समध्ये टाकली, मंडळाला कागद आवडतो म्हणून.

खोलीत तिला चांगली खुर्ची दिली गेली. भिंतीवर ढगांचे फोटो, टेबलावर मोठी वही, आणि पेटी. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, आधी चिठ्ठ्या, मग वहिनींची साक्ष. पेटी उलटी केली. बुधवारची तीन पाकिटं बाजूला काढली.

पहिलं त्यांचं स्वतःचं. “वादळ होणार. पाच वाजता.”

तिला वाटलं आपण चुकीचा वार ऐकला.

दुसरं मास्तरांचं. “वादळ होणार. चार वाजून दहा.” मास्तर खुर्चीत थोडे पुढे सरकले आणि म्हणाले की सकाळी सातलाच काटा घसरला होता, मी तेव्हाच ओळखलं. ओळखलं म्हणाले. अभिमानानं.

तिसऱ्या पाकिटावर तिच्या नवऱ्याचं गिचमिड अक्षर होतं. काकांनी ते फाडलं, वाचलं, आणि त्यांची भुवई कौतुकानं वर गेली. “वादळ होणार. साडेतीन.”

म्हणजे तिघांनाही माहीत होतं. बुधवारी नऊच्या आत, बस निघायच्या तासभर आधी, तिघांनी तीन ठिकाणी बसून ते लिहिलं होतं. बाईंना सांगितलेलं ‘साफ’ तसंच राहू दिलं होतं, कारण ते बदलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं की दुसऱ्याला सुगावा लागला असता. बालवाडी दुकानापासून चार दुकानं सोडून होती. पेटीत पाकीट टाकताना तिघांनाही तिच्या दाराशी येऊन थांबलेली बस दिसली असणार.

ती नवऱ्याकडे बघत होती. तो पाकिटाच्या फाटलेल्या कडेकडे बघत होता.

“तीनला परत येणार होती ती,” तो हळूच म्हणाला. “मी साडेतीन लिहिलं होतं. अर्धा तास होता मध्ये.”

तिनं ते ऐकलं. अर्धा तास. स्वतःच्या साडेतीनवर त्याचा इतका विश्वास होता, की त्यावर त्यानं पोरगी ठेवली होती. तिच्या घामोळ्यावर हसणारा हा माणूस सकाळी टोपी सरळ करत होता तेव्हा याच्या खिशात हे होतं. आणि बुधवारी संध्याकाळी ज्याला तिनं पाणी दिलं, तो चुकलेला माणूस नव्हताच. अंदाज बरोबर आलेला माणूस होता.

“तर वहिनी,” काका पेनाचं टोपण काढत म्हणाले, “आता तुमच्यावर सगळं. पहिला आवाज किती वाजता? मिनिटासकट हवं बरं का.”

“मी पाहिलं नाही,” ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, अंदाजे तरी? ती म्हणाली, सत्तावीस मुलं मोजत होते मी, घड्याळ बघायला वेळ नव्हता. काका म्हणाले, तीनच्या आधी की नंतर, एवढं तरी. तिनं मान हलवली.

“तिनं पाहिलं असणार,” नवरा म्हणाला. आता त्यानं तिच्याकडे पाहिलं. “ती घड्याळ पाहिल्याशिवाय राहत नाही. सांग ना. ह्यांना नाही तर मला सांग.”

“तू मला सांगितलंस?” तिनं विचारलं.

त्यावर त्याच्याकडे उत्तर होतं, ते त्याच्या तोंडावर आलेलं तिला दिसलं: नियम आहे गं. पण ते म्हणण्याएवढा तो मूर्ख नव्हता. ती उठली. पोरीला आणायला जाते म्हणाली. तो म्हणाला, पाचच मिनिटं थांब, मी आलोच.

जिना उतरून ती खाली दाराशी थांबली. का थांबली ते तिला नीट सांगता आलं नसतं; पाच मिनिटं मागितली होती त्यानं, आणि कुणी वेळ मागितली की ती द्यायची तिला सवय होती. पाच झाली. आठ झाली. वर आवाज चढत होते. वेळेशिवाय नोंद नाही आणि नोंदीशिवाय वादळ नाही, असं काका म्हणत होते. एवढं मोठं वादळ वहीबाहेर राहणार म्हणून मास्तर हळहळत होते. मग ते म्हणाले की तसं बघितलं तर आपण पूर्ण झोपलो नव्हतो. पडलो होतो फक्त. चारच्या सुमाराला काहीतरी धडधडल्याचं त्यांना आता आठवत होतं.

“चार कसले,” तिच्या नवऱ्याचा आवाज आला. “मी ऐकलाय ना पहिला.”

काकांनी विचारलं, तळघरात?

हो, तळघरात. आता आठवतंय, तो म्हणाला. जिन्यातून आला आवाज. आधी लांबून, कुणी रिकामं पिंप फरशीवरून ओढत न्यावं तसा, मग जरा थांबला, मग जवळून. कपाटातल्या नकाशांच्या नळ्या थरथरल्या. मी वर घड्याळ पाहिलं. तीन सव्वीस.

वर कुणीतरी हुंकार भरला. त्याला हुरूप आला. मग त्यानं पहिल्यापासून परत सांगायला घेतलं, आणि या वेळी जिन्यात धुळीचा वास आला, दिवा एकदा मिचकावला, शिपाई दचकून म्हणाला साहेब, आता येतंय. इतकं सुरेख सांगत होता, की तिथे नसलेल्या कुणालाही खरं वाटलं असतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. पिंप होतं, नळ्या होत्या, दिवा होता, शिपाई होता. पोरगी त्यात कुठेच नव्हती.

वर पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं नाही, पण खुर्च्या सरकल्या आणि काका म्हणाले, अभिनंदन. तोवर ती शेजारच्या मावशींकडे निघाली होती.